माणूस भेटेपर्यंत

१

वाहिदला रुळावरून चालायला बावीस वर्षं झाली होती. सकाळी सहाला निघायचं, खांद्यावर हातोडा टाकायचा आणि स्लीपरमागून स्लीपर ओलांडत चार मैल जायचं. रुळाला बुडाशी आवळून धरणाऱ्या चाव्या असतात, त्या गाड्यांच्या हादऱ्याने सैल होतात. सैल दिसली की एक ठोका घालायचा, घट्ट असली की पुढे व्हायचं. या कामाच्या माणसाला चावीवाला म्हणतात. त्याच्या आयुष्यात नवं काही घडत नाही. घडू नये म्हणून तर त्याला ठेवलेला असतो.

त्या शनिवारी संध्याकाळी मात्र, लोणावळ्याच्या गँगकोठीत हत्यारं जमा करताना, मुकादम दत्तोबा म्हणाला, "वाहिदभाऊ, सोमवारपास्नं समदी गँग वढ्याच्या लाईनीवर. सा वर्सं बंद पडलीय, आता रूळ उपसून न्यायचेत. पन आदी बोगद्याच्या तोंडावरची दरड काडावी लागनार. लय माती हाय."

"कुनी सांगितलं?"

"सायबानं. आनि कोन सांगनार? तुमचं तोंड का उतरलं?"

"गुडघा दुखतोय," वाहिद म्हणाला.

गुडघा चांगला ठणठणीत होता. रात्रभर तो आढ्याकडे बघत पडला आणि रविवारी उजाडल्यावर हातोडा, पहार आणि एक रिकामं गोणपाट घेऊन निघाला. हसिना चुलीपुढे भाकरी थापत होती.

"आयतवारी कुटं?"

"शेन्या आनतो थोड्या."

"शेन्या आनायला हातोडा लागतो व्हय?"

वाहिद हसला. बायकोशी खोटं बोलताना तो नेहमी हसायचा. हे तिला लग्नाच्या दुसऱ्या महिन्यातच कळलं होतं, म्हणून तिने पुढे काही विचारलं नाही. दोन भाकरी आणि कांदा फडक्यात बांधून दिला आणि तो वळणाआड जाईपर्यंत दारात उभी राहिली.

वाहिदच्या आतल्या खिशात पितळेचा एक बिल्ला होता. त्याच्यावर बाराचा आकडा होता. सहा वर्षं हा बिल्ला घरातल्या पत्र्याच्या पेटीत तळाशी पडून होता, आणि सरकारी कागदावर तो हरवला होता.

२

ओढ्याची लाईन म्हणजे कुरवंड्याच्या अंगाने दरीत उतरणारी जुनी एकेरी लाईन. खाली ओढा, दोन्ही बाजूंना काळा कडा आणि मधे कातळ फोडून काढलेली वाट. पावसाळ्यात वरून केव्हा दगड येईल त्याचा नेम नसे, म्हणून दिवसा दोन माणसं गस्त घालायची. वरून वाहिद उतरायचा आणि खालून भिमाजी चढायचा. अकरा वाजता दोघं ओढ्यावरच्या लोखंडी पुलावर भेटायचे. वाहिदचा बिल्ला बारा नंबरचा, भिमाजीचा तेरा. तिथे बिल्ले बदलायचे, बिडी ओढायची आणि जो तो आपल्या घराकडे माघारी फिरायचा. संध्याकाळी दुसऱ्याचा बिल्ला आपल्या मुकादमापुढे टाकायचा. रात्रीच्या गाडीने बिल्ले ज्याचे त्याला परत यायचे. दुसऱ्याचा बिल्ला हातात आहे म्हणजे भेट झाली, आणि भेट झाली म्हणजे मधली सगळी लाईन कुणीतरी पायाखाली घातली. कुण्या सायबाने बरीच अक्कल लढवून ही रीत काढली होती.

तिच्यात आणखी एक कलम होतं. समोरचा माणूस पुलावर आलाच नाही, तर अर्धा तास थांबायचं आणि मग त्याच्या हद्दीत शिरायचं. तो भेटेपर्यंत चालत राहायचं. भेटल्याशिवाय माघारी फिरायचं नाही.

एका वर्षी भिमाजीचा बिल्ला ओढ्यात पडला. त्याला शिव्या मिळाल्या आणि तेरा नंबरचाच नवा बिल्ला मिळाला. पुढे खेकडे धरताना जुना बिल्ला कपारीत सापडला. तो त्याने मुकादमाला दिला नाही. वाहिदच्या हातावर ठेवला.

"ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी, वाहिदभाऊ. एकांद्या दिशी अंग मोडून आलं तर घरी पडा आनि ह्यो टाका मुकादमापुडं. मला फकस्त आदल्या दिशी सांगा, म्हंजे मी पुलावरनं माघारी फिरीन. खाली आमचा मुकादम बिल्ला बगत बी न्हाई."

दोघांची मैत्री अशी होती. वाहिद तीन-चार वेळा घरी पडला. दर वेळी त्याने आदल्या दिवशी सांगितलं.

अठ्ठावीस सालच्या श्रावणात एका मंगळवारी तो न सांगता घरी राहिला. आजारी नव्हता, घरात कुणी पाहुणा नव्हता. घोंगडी उबदार होती आणि बाहेर पाऊस कोसळत होता, याहून मोठं कारण त्याला आजतागायत सापडलेलं नाही. दुपारी बाराच्या सुमाराला दरीतून मोठा आवाज आला. दरड पडली हे त्याने ओळखलं आणि आपण गेलो नाही ते बरं झालं असं त्याला वाटलं. संध्याकाळी त्याने तेरा नंबरचा बिल्ला मुकादमापुढे टाकला.

दिवेलागणीला खालून निरोप आला की भिमाजी घरी पोचला नाही.

"तुमाला भेटला व्हता न्हवं?" दत्तोबाने विचारलं. बिल्ला अजून टेबलावरच होता.

"व्हय," वाहिद म्हणाला. "पुलावर भेटला. माघारी फिरला."

मग चार दिवस सगळ्यांनी पुलाच्या खालची बाजू धुंडाळली. डोह ढवळले, झुडपं तोडली. दरड पडली होती ती पुलाच्या वर, बोगद्याच्या वरच्या तोंडावर, वाहिदच्या हद्दीत. तिथे भिमाजीला शोधण्याचं कारण कुणालाच नव्हतं. नवी लाईन तयार होत आली होती, तेव्हा सायबाने जुनी तिथल्या तिथे बंद करून टाकली. दरड तशीच राहिली.

तिसऱ्या दिवशी वाहिद एकटाच तिथे गेला होता. मातीला कान लावून बराच वेळ उभा राहिला होता. आतून काही ऐकू आलं की नाही, हे त्याने अजून स्वतःलासुद्धा सांगितलेलं नाही.

३

देह सापडला नाही. मग लोकांनी आपला देह तयार केला, चांगला चालताबोलता. भिमाजी पळाला म्हणाले. कुणी त्याला कल्याणला पाहिला, कुणी म्हणालं तिकडे त्याने दुसरी बाई केली. कचेरीतल्या कागदावरही तेच आलं, काम सोडून परागंदा. भिमाजीची बायको शालूबाई ओढ्याच्या तोंडाशी वाडीत राहायची. तिला रडायचीही सोय राहिली नाही. कपाळाला कुंकू ठेवायचं की पुसायचं हे तिला कोण सांगणार? तिने ते ठेवलं, तर पाणवठ्यावरच्या बायका त्या कुंकवाकडे बघून हसायच्या.

वाहिद दर ईदेला तिच्याकडे शिरखुर्मा घेऊन जायचा. ती त्याला भाऊ मानत होती, कारण नवऱ्याला शेवटचं पाहिलेला माणूस तोच.

"काय बोलले हो ते पुलावर?" ती दर वर्षी विचारायची.

आणि वाहिद दर वर्षी सांगायचा. भिमाजी बरा होता, हसत होता, लवकर घरी जातो म्हणत होता. सांगून सांगून ते इतकं घोटीव झालं होतं की त्याला स्वतःलाच भिमाजी हसताना दिसायचा.

यंदा मुलगी रतन पंधरा वर्षांची झाली. इंदुरीच्या एका घरात सोयरीक ठरत आली होती. मुलाच्या चुलत्याने विचारलं, "बाप कुटं असतो?" आणि पाहुणे चहा न घेता उठले. ज्या पोरीचा बाप घर टाकून पळाला तिला कोण करून घेणार?

आता सोमवारी गँग दरड काढणार होती. मातीखाली भिमाजी निघणार, आणि तो पुलाच्या वरच्या अंगाला निघणार. मग विचारणारे विचारतील की पुलावरून माघारी फिरलेला माणूस इथे कसा? तेरा नंबरचा बिल्ला दोनदा कसा? नोकरी जाईल, क्वार्टर जाईल, हे तर होतंच. पण शालूबाई आपल्याकडे कशी बघेल याचा विचार आला की वाहिद अंथरुणात उठून बसायचा.

त्याने रात्रभरात उपाय काढला होता. आज दिवसाउजेडी जायचं, दरड उकरायची, भिमाजीची हाडं गोणपाटात घालून बोगद्यातून पुलापलीकडे न्यायची आणि खालच्या अंगाला एखाद्या कपारीत मातीआड ठेवायची. भिमाजीपाशी असलेला तेरा नंबरचा काढून घ्यायचा आणि खिशातला बारा नंबरचा बिल्ला त्या हाडांत टाकायचा. चार-आठ दिवसांनी आपणच ती 'शोधून' काढायची. शालूबाईला नवरा मेल्याचं कळेल, रतनचा बाप पळपुटा ठरणार नाही, आणि आपली नोकरी शाबूत. सगळ्यांचंच भलं होत होतं. वाईट माणसाला सुचतो तसा तो एक चांगला विचार होता.

४

पौषातलं ऊन होतं. कुरवंड्याची पायवाट सोडून वाहिद जुन्या लाईनीवर उतरला तेव्हा आठ वाजले असतील. रुळांत करवंदीच्या जाळ्या वाढल्या होत्या, स्लीपर भुसभुशीत झाले होते. खाली ओढ्याला पाण्याची एक बारीक धार होती, डोहांवर शेवाळ साचलं होतं.

सवय सुटत नाही. चालता चालता त्याचे डोळे चाव्यांवर फिरू लागले. सगळ्या गंजलेल्या आणि सैल. कित्येक पडूनच गेल्या होत्या. त्याने एकीला हातोडा लावला तर ती निसटून खडीत पडली. सहा वर्षं कुणी न पाहिलेली लाईन जशी असायला हवी तशीच ती होती.

पाऊण मैलावर पहिलं कटिंग, कातळ फोडून रुळांसाठी काढलेली खिंड, लागलं. त्याच्या तोंडाशी एक चावी घट्ट होती.

वाहिद पुढे गेला. पुढचीही घट्ट होती. त्याच्या पुढचीही. वीसेक पावलं गेल्यावर तो थांबला आणि खाली वाकला. रूळ तांबडाभडक गंजलेला होता, पण चावीचं डोकं लखलखीत होतं. हातोडा बसलेली खूण ताजी होती. गुराख्याने खेळता खेळता ठोकली असेल, त्याने मनाशी म्हटलं. पण गुराख्याची पोरं चाव्या उपटून विकायला नेतात, बसवत नाहीत. मग दत्तोबाने पाहणीला माणूस धाडला असेल. जी लाईन उद्या उपसायची, तिच्या चाव्या ठोकायला?

तो मोजत पुढे गेला. एकही सैल नव्हती. जाळ्या वाढल्या होत्या तिथे त्या बाजूला सारून ठोकलेल्या होत्या. जिथे चावी पडून गेली असावी तिथे लाकडाची पाचर तासून मारली होती. एवढं मन लावून काम वाहिदने कधी केलं नव्हतं. त्याच्याच हद्दीचं काम होतं ते.

त्याने मागे वळून पाहिलं. कटिंगच्या वर सगळं सैल, कटिंगच्या खाली सगळं घट्ट. काम खालून वर येत होतं. ते इथपर्यंत आलं होतं, आणि इथून त्याचं घर तीन मैलांवर होतं.

माघारी जावं असं त्याला वाटलं. मग सोमवार आठवला. तो पुढे निघाला, आणि नकळत रुळांच्या मधून न चालता कडेच्या गटारातून चालू लागला.

५

दरड त्याच्या आठवणीतल्यापेक्षा लहान होती. तिच्यावर गवत आलं होतं, एक उंबर रुजला होता. बोगद्याचं तोंड वरच्या दगडी कमानीपर्यंत बुजलं होतं. फक्त कमानीखाली डाव्या बाजूला एक भोक होतं, माणूस ओणवा होऊन जाईल एवढं.

सहा वर्षांपूर्वी ते नव्हतं. पावसाच्या पाण्याने पडलं असेल. वाहिदने वर चढून पाहिलं. भोकाची कड गुळगुळीत होती, शेळ्या रोज जाऊन जाऊन कुंपणातल्या वाटेची होते तशी. माती आतून बाहेर टाकलेली होती.

त्याने पहार उचलली आणि मातीत खुपसली. दोन तास तो खणत होता. अंगातली बंडी भिजली. दीड हात खाली पहार एकाएकी पोकळीत गेली. त्याने माती ओढली. आत एक खळगा होता, माणूस कुशीवर निजतो त्या आकाराचा. गुडघे पोटाशी घेतलेले, डोकं हातावर टेकलेलं. मातीत कोपराची खूण उमटलेली होती. भिंतीला बोटांचे ओरखडे होते, ते सगळे वरच्या दिशेने गेले होते.

आत हाड नव्हतं. चिंधी नव्हती. काहीच नव्हतं.

वाहिदने पहार खाली ठेवली. आणि मग त्याला जे वाटलं त्याची पुढे त्याला स्वतःलाच किळस आली. त्याला बरं वाटलं. देह नाही म्हणजे सोमवारी काही निघणार नाही. कोल्ह्याकुत्र्यांनी नेला असेल. सुटलो, असं तो मोठ्याने म्हणाला.

तेवढ्यात बोगद्यातून आवाज आला.

टण्.

वाहिदने बोगद्याकडे मान वळवली. कातळातून दगड सुटून रुळावर पडला असेल.

टण्. मध्ये एका पावलाएवढा वेळ. टण्.

बावीस वर्षं जो आवाज आपल्या हाताखाली ऐकला तो माणूस कसा चुकेल? चावी घट्ट आहे का बघायचं, ठोका घालायचा, पुढे व्हायचं. आवाज दूरवरून, पुलाच्या बाजूने, वर येत होता.

६

पळावं एवढं साधं त्याला का सुचलं नाही? सुचलं होतं. पण पळून जायचं कुठे, हा प्रश्न होता. वरच्या कटिंगपर्यंत चाव्या ठोकून झाल्या होत्या. आज ना उद्या हा ठोका गँगकोठीपाशी आला असता, मग क्वार्टरच्या दाराशी. समोरचा भेटेपर्यंत चालायचं, हे कलम वाहिदला तोंडपाठ होतं. भिमाजी साधा माणूस होता. त्याला नियम मोडता यायचा नाही, फक्त दुसऱ्याला मोडायला मदत करता यायची.

मग भेटून टाकावं. दिवसाउजेडी, एकदाच. बिल्ला द्यायचा आणि मोकळं व्हायचं.

तो भोकातून ओणवा आत शिरला आणि पलीकडे बोगद्यात उतरला. आत गारठा होता, भिजल्या घोंगडीचा वास होता. बोगदा मधे वळलेला, त्यामुळे पलीकडचं तोंड दिसत नव्हतं, नुसता भिंतीवर राखी उजेड होता. वाहिद भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

टण्. वळणावर.

टण्. वळणाच्या अलीकडे.

मग ठोके थांबले आणि पावलं आली. ओली, चप्प चप्प वाजणारी. पौषात बोगद्यात पाण्याचा टिपूस नव्हता. पावलं त्याच्यासमोर येऊन थांबली. वाहिदने डोळे मिटून घेतले होते. जवळ कुठेतरी पाणी ठिबकत होतं, पुष्कळ पाणी, वळचणीखाली उभं राहिल्यासारखं.

"भिमाजी," तो पुटपुटला. "उशीर झाला रं."

वाहिदने खिशातून बिल्ला काढला आणि हात पुढे केला. बिल्ला त्याच्या बोटांतून काढून घेतला गेला, हळूच, घाई न करता. त्याच्या तळहातावर दुसरा बिल्ला ठेवला गेला. ठेवणाऱ्या बोटांना नखं नव्हती.

मग पावलं वळली आणि जशी आली होती तशीच गेली. एकच फरक होता. जाताना ठोके पडत नव्हते.

७

बाहेर येऊन वाहिद उंबराच्या सावलीत पडला आणि हसू लागला. हसता हसता रडला. उन्हात त्याने हातातला बिल्ला पाहिला. तेरा नंबर, हिरवा पडलेला. त्याने फडक्यातली भाकरी सोडली आणि चक्क खाल्ली. भूक लागली होती. सहा वर्षांत पहिल्यांदा त्याला अन्नाची चव कळली. आता कुणी वर येणार नव्हतं. भेट झाली होती, बिल्ले बदलले होते, आणि भेट झाल्यावर माणूस माघारी फिरतो.

आपल्या घराकडे.

घास त्याच्या तोंडातच राहिला. भिमाजीचं घर खाली होतं. घरात शालूबाई होती आणि रतन होती.

वाहिद धावला. भोकातून आत, बोगद्यातून अंधारात ठेचकाळत, पलीकडे पुलावर. पुलावरचे स्लीपर कुजले होते. तो तुळयांवरून, बसून सरकत सरकत, पलीकडे गेला. खालच्या हद्दीतल्या चाव्या सगळ्या सैल होत्या. तिथे सहा वर्षं कुणी आलं नव्हतं. पण स्लीपरांवर ओली पावलं होती. उन्हात ती सुकत नव्हती.

तिसऱ्या वळणावर त्याला तो दिसला.

शंभर पावलांवर असेल. पाठमोरा. डोक्यावरून पाठीवर इरलं घेतलेलं, पावसात घेतात तसं. वर निळं स्वच्छ आभाळ आणि त्या इरल्यावरून पाणी वाहत होतं, कडांवरून धार लागली होती. इरल्याखाली दोन पाय दिसत होते. सावकाश, दमलेल्या माणसासारखे ते घराकडे चालले होते.

हाक मारायला हवी होती. एक हाक, की भिमाजी थांब, ते सगळं खोटं होतं, त्या दिवशी मी आलोच नव्हतो, आपली भेट झालीच नाही. तेवढं ऐकलं असतं तर तो वळला असता. हे वाहिदला अगदी पक्कं कळलं. तो वळला असता आणि पुन्हा वर चालू लागला असता, वाहिदकडे. आणि वळल्यावर इरल्याखालचं तोंड दिसलं असतं.

वाहिदने तोंड उघडलं. आवाज फुटला नाही, असं पुढे तो स्वतःला सांगत असे. खरं म्हणजे त्याने तो फोडलाच नाही.

इरलं वळणाआड गेलं.

८

तो वाडीत पोचला तेव्हा ऊन उतरणीला लागलं होतं. वाटेत पाय मुरगळला होता, आणि खरं सांगायचं तर शेवटचा मैल तो मुद्दामच हळू चालला होता. शालूबाईचं घर वाडीच्या टोकाला, एकटं. ती अंगणात उभी होती. तिने न्हाऊन ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. कपाळावर कुंकू एवढं मोठं लावलं होतं की वाहिदला ते लांबूनच दिसलं. तिचं वय दहा वर्षांनी उतरलं होतं.

"वाहिदभाऊ!" ती धावत पुढे आली. "तुमाला कळलं व्हय? आले बगा! मगाशीच आले. लय दमल्यात, हळू बोला."

"शालूबाई..."

"समद्या गावानं माज्या तोंडात शेन घातलं, भाऊ. पळाला म्हनले, दुसरी केली म्हनले. तुमी एकलेच खरं बोललात. पुलावरनं माघारी फिरला, म्हनून सांगितलंत. फिरलेच की न्हाई?" ती वाकून त्याच्या पायांना हात लावू लागली. "तुमच्या सबदावर म्या सा वर्सं काडली."

वाहिदने पाय मागे घेतले. त्याला सांगायचं होतं. अजून सांगता आलं असतं. दार अर्धवट उघडं होतं, आत काळोख होता. उंबऱ्यावरून गढूळ पाण्याची एक धार अंगणात येत होती आणि शेणाने सारवलेली जमीन उकलत चालली होती. शालूबाई त्या पाण्यात उभी होती. तिला ते दिसत नव्हतं, किंवा दिसून चालणार नव्हतं.

गोठ्याच्या भिंतीला चिकटून रतन उभी होती. ती पळत आली आणि तिने वाहिदच्या सदऱ्याची बाही धरली.

"काका, मला तुमच्यासंगं न्या."

"काय झालं, पोरी?"

"ते आबा न्हाईत." तिने दाराकडे पाठ केली. "म्या त्यांचं तोंड बगितलं. काका, न्या मला. हसिनाकाकीकडं ऱ्हाईन, भांडी घाशीन."

"येडी हाय," शालूबाई हसली. "ल्हान व्हती तवा, वळख न्हाई ऱ्हायली. रतने, सोड त्यांची बाही. जा, बापाला तांब्या दे पान्याचा. केवडी वाट चालून आल्यात."

रतनने वाहिदकडे पाहिलं. तिला न्यायला काय लागत होतं? चल म्हणायचं आणि हात धरायचा. पण मग शालूबाई विचारणार, का नेता? आणि त्याचं उत्तर द्यायचं तर श्रावणातल्या त्या मंगळवारापासून सुरुवात करावी लागली असती.

"उद्या येतो," वाहिद म्हणाला. "काकीलापन आनतो संगं. जा, आई सांगती तसं कर."

तिने बाही सोडली नाही. त्याने तिची बोटं एकेक करून सोडवली. रतन रडली नाही. मोठं माणूस कसं असतं ते कळल्यासारखी तिने मान खाली घातली, ओसरीवरचा तांब्या उचलला आणि पाण्यातून पाय टाकत आत गेली.

"आत या की, भाऊ. भेटून जावा."

"भेट झाली आमची," वाहिद म्हणाला आणि वळला.

तो पंधरा-वीस पावलं गेला असेल. मागे दार लागलं. मग आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

"अगं रतने," शालूबाईने बाहेरून दारावर थाप मारली. तिच्या आवाजात अजून हसू होतं. "म्या भाईर हाय. कडी का घातली गं? रतने? अवं, उगडा की..."

वाहिद भराभर चालू लागला. गाडीवाटेने गेलं तर दिवेलागणीच्या आत तो घरी पोचणार होता.